गादीवरची कमान

धुळे,
६ जानेवारी १९९२

प्रमिला यांना,

नमस्कार. मायना काय लिहावा यात दोन दिवस गेले. 'चि. सौ. कां.' लिहायला मी काही तुमचा मामा नाही, आणि 'प्रिय' लिहिलं तर हे पत्र आधी तुमचे आबा वाचतील अशी दाट शंका आहे. (आबा, वाचत असाल तर साष्टांग नमस्कार.) साखरपुड्यात आपण एकूण दोन वाक्यं बोललो. मी म्हटलं, "चहा छान झालाय." तुम्ही म्हटलं, "काकूने केलाय." तेवढ्या भांडवलावर हा पत्रव्यवहार सुरू करतो आहे.

तुमच्या वनाकाकांनी गादी पोचवली. एसटीच्या टपावरून आली तरी कुठे डाग नाही. माझ्या खोलीत आजवर एक सतरंजी, एक स्टोव्ह आणि पुस्तकांचे ढीग होते. गादी आल्यापासून खोली एकदम घरंदाज दिसायला लागली आहे. घरमालक जवरीलालजींचं खाली किराणा दुकान आहे. ते मुद्दाम वर आले, गादी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाले, "प्रोफेसरसाब, माल असली है." आईंना सांगा, जावई खूश आहे.

माझ्या पीएच.डी.चं तुमच्याकडे कोणीतरी सांगितलं असेलच. विषयाचं नाव असं: लवचिक पायावर टेकलेल्या, जाडीत गुणधर्म बदलत जाणाऱ्या वक्र रचनांची कंपनं. हे नाव ऐकून आमच्या आईने, म्हणजे ताईबाईंनी, मला आधी ताप आहे का ते पाहिलं होतं. गाईड सर मार्चमध्ये मुंबईहून येऊन प्रयोग बघणार आहेत. त्यांना पटलं तर प्रबंध, नाही पटलं तर आणखी दोन वर्षं.

आखाजीनंतर, मे महिन्यात लग्न, म्हणजे जूनपर्यंत तुम्ही इकडे. शाळेला नोटीस किती दिवस आधी द्यावी लागते? राजीनाम्याचं वेळेत झालेलं बरं.

घरी सर्वांना नमस्कार.

रुपचंद

---

पिंप्राळा, जळगाव,
१३ जानेवारी

अहो,

तुमची शंका खरी निघाली. आबांनी पत्र फोडलं, ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं आणि कंसातला नमस्कार आला तिथे चष्मा काढून पुसला. "पोरगा हुशार शे," म्हणाले. काकांनी विषयाचं नाव तीनदा वाचायला लावलं. इथून पुढे पत्र शाळेच्या पत्त्यावर टाका. आमच्या शिपायाला अक्षर नीट वाचता येत नाही, त्यामुळे तो निदान मोठ्याने तरी वाचणार नाही.

गादीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आई रोज आठवण करते म्हणून लिहिते. ती आमच्या शेतातल्या पहिल्या वेचणीच्या कापसाची आहे. तो कापूस आईने विकायच्या गाडीत जाऊच दिला नाही. कोठीत वेगळा ठेवला, सरकी काढून आणली, पिंजून घेतला आणि दोघी मावश्यांना बसवून चार दुपारी गादी भरली. टाके सगळे आईचे. आमच्यात आंदणाच्या गादीवर लग्नाआधी कोणी झोपत नाही, बसतसुद्धा नाही. तर तुम्ही सतरंजीवरच झोपा आणि गादीवर चादर टाकून ठेवा. एवढं कराल ना?

विषयाचं नाव पाठ झालं, अर्थ कळला नाही. मी सातवी 'ब'ला गणित शिकवते, तिथे मला सगळं सोपं करून सांगावं लागतं. तुम्हीही तसंच सांगा. साठ पोरं आहेत. त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत अपूर्णांक म्हटलं की बाकाखाली जात होती, आता हात वर करतात. जूनमध्ये माझी परमनंटची ऑर्डर निघायची आहे. हेडमास्तर परवा म्हणाले, "बाई, तुम्ही राहा हो, मागच्या तिन्ही मास्तरांनी या वर्गापुढे हात टेकले."

नोटिशीचं पुढच्या पत्रात लिहीन.

प्रमिला

---

धुळे,
२१ जानेवारी

प्रमिला यांना,

शाळेच्या पत्त्यावर लिहितोय, त्यामुळे आज जरा मोकळा आहे.

तुम्ही विषय सोपा करून मागितलात. सातवी 'ब'साठी म्हणून सांगतो. आपल्याकडचं भरताचं वांगं घ्या. तुरकाठ्यांच्या जाळावर भाजलं की बाहेरून कोळसा, आत लोणी. पण कोळसा कुठे संपला आणि लोणी कुठे सुरू झालं, अशी रेघ दाखवता येते का? नाही. हळूहळू एकाचं दुसरं होत जातं. जपानात हल्ली असं साहित्य बनवायला लागलेत. एका बाजूने धातू, दुसऱ्या बाजूने उष्णता सोसणारी चिनीमाती, आणि मधे रेघ नाही. नुसते दोन थर चिकटवले तर तापल्यावर ते सांध्यात सुटतात. हे सुटत नाही.

मला जपानातलं कोण देतंय? मी रेझिनमध्ये ॲल्युमिनियमची पूड कालवून, दर थराला पूड वाढवत, एका अर्ध्या पिंपावर ओतून कमानीसारखी वाकलेली पट्टी तयार केली आहे. दीड हात लांब. अशा तीन मोडल्या, ही चौथी. आता ही कमान मऊ बैठकीवर पालथी न घालता उताणी ठेवायची, पाळण्यासारखी, आणि रबरी हातोडीने हळूच टकटक करायची. ती थरथरते. सेकंदाला किती वेळा थरथरते ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाटांसारखं दिसतं. माझ्या कागदावरच्या गणिताने तोच आकडा यायला हवा. बस्स, एवढंच माझं आयुष्य.

कॉलेजात हे जमत नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे वर्कशॉपचा पॉवर हॅमर आहे, तो पडला की माझी पट्टी, टेबल आणि मी, तिघेही थरथरतो. म्हणून सगळं सामान खोलीवर आणलं आहे. मऊ बैठकीचा प्रश्न मात्र फार छळत होता. बाजारातला फोम आणला, तो स्वतःच उड्या मारतो. वाळू फार घट्ट. आता एक छान बैठक मिळाली आहे आणि आकडे अगदी गणिताबरहुकूम येताहेत.

गादी उत्तम आहे. तिचा फार उपयोग होतो.

राजीनाम्याचं तुम्ही लिहिणार होतात. आमच्या आईने नातेवाइकांना सांगूनही टाकलं की सून जूनमध्ये येणार.

रुपचंद

---

जळगाव,
३० जानेवारी

अहो,

वांग्याने काम केलं! मी सातवी 'ब'ला सांगितलं आणि मागच्या बाकावरचा मगन म्हणाला, "बाई, मंग सर वांगं ठोकतात का?" वर्ग पाच मिनिटं हसत होता. तुमची कीर्ती पिंप्राळ्यात पसरली आहे.

पण "तिचा फार उपयोग होतो" म्हणजे काय हो? आईने विचारलं, पत्रात गादीचं काय लिहिलंय. मी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिला वाटलं तुम्ही झोपायला लागलात. मावशी तर म्हणाली, पोरगा एकटाच झोपतोय ना नक्की! मी सारवासारव केली की घडी करून ठेवली आहे, खोली भरल्यासारखी वाटते, तोच उपयोग. खरं काय ते लिहा म्हणजे मला पुन्हा खोटं बोलायला नको.

तुमचे आकडे मला पाठवाल का? गणिताच्या बाईला शेजारच्या घरातलं गणितही बघावंसं वाटतं.

बाकी ठीक. शाळेचं पुढच्या पत्रात.

प्रमिला

---

धुळे,
१० फेब्रुवारी

प्रमिला यांना,

मगनला माझा नमस्कार सांगा, तो पुढे इंजिनिअर होईल.

गादीवर मी झोपत नाही, तुमची शपथ. तेवढं आईंना निर्धास्त सांगा.

आकडे मागितलेत म्हणून देतो, आणि खरं सांगायचं तर माझी झोप उडाली आहे. गणित सांगतं, सेकंदाला बेचाळीस. पहिल्या आठवड्यात अगदी बेचाळीस आले. दुसऱ्या आठवड्यात सेहेचाळीस. मग एकोणपन्नास. आज एक्कावन्न! पट्टी तीच, हातोडी तीच, हात तोच. दोनदा मशीन तपासलं, पट्टीला कुठे तडा आहे का ते भिंगाने पाहिलं. सर १५ मार्चला, रविवारी येताहेत. तोवर हे असंच चढत राहिलं तर सर काही बोलणार नाहीत, नुसते चहा पिऊन जातील, आणि ते फार वाईट असतं.

या गडबडीतही तुमचं एक काम केलं. तुम्हाला शाळेच्या व्यापात सवड होत नसेल म्हणून राजीनाम्याचा मजकूर मीच तयार केला आणि कॉलेजच्या टायपिस्टकडून सुबक टाइप करून घेतला. सोबत जोडला आहे. "घरगुती कारणास्तव" असं कारण घातलंय, म्हणजे कोणी काही विचारणार नाही. तारीख मोकळी ठेवली आहे. फक्त सही करून हेडमास्तरांना द्या.

तुमचा,
रुपचंद

---

जळगाव,
६ मार्च

अहो,

जवळजवळ महिनाभर मी लिहिलं नाही. कारण तुमच्या पत्रासोबतचा तो कागद. त्याबद्दल आज काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर वाईट लिहीन.

आज लिहायची वेळ वनाकाकांनी आणली. ते सोमवारी ट्रॅक्टरच्या पार्टसाठी धुळ्याला आले होते आणि म्हणाले, आलोच आहे तर जावयाला भेटून जाऊ. रात्री घरी परत आले ते डोक्यावर कापूस घेऊन. चपला काढायच्या आधी ओट्यावरून ओरडले, "आबा, तो जवाई शे का पिंजारी?"

मग काकांनी जे सांगितलं ते तुम्हीच वाचा, मी एक शब्द वाढवत नाही. दार उघडं होतं. खोलीत कापूस उडत होता. आईने भरलेली गादी मधोमध कापलेली होती, तिचा एक तुकडा सुताराच्या लाकडी कुंडात कोंबलेला होता, त्यावर एक वाकडी पट्टी ठेवलेली होती, आणि नवरदेव तोंडाला रुमाल बांधून, जमिनीवर पोटावर पडून, पट्टीला कान लावून तिला हातोडीने टकटक मारत होते. काकांनी "राम राम" केला, तर नवरदेव म्हणाले, "शू! काका, हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या." काका अर्धा तास भिंतीला टेकून उभे राहिले. चहाचं राहू द्या, पाणीसुद्धा विचारलं नाही! गादी कापलेली एक वेळ चालली असती, पण मुलीच्या काकाला पाणी नाही?

दुसऱ्या दिवशी आळीभर झालं की झुलाल आबांचा जावई गादीशी बोलतो. संध्याकाळपर्यंत तुम्ही गादीला मारता असं झालं, आणि काल शेजारची कुंदाबाई आईला विचारून गेली की पोराला डॉक्टरला दाखवलं का. आबा काल जेवताना म्हणाले, "मोडी टाका हाई सोयरीक." आई भाकरी वाढत राहिली. ती गादीचं अजून काहीच बोललेली नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

आता तुम्हाला एक सांगते. मला हे काकांच्या आधीपासून माहीत होतं. तुमचे आकडे मी आलेखाच्या कागदावर मांडले. दर आठवड्याला वर चढतात, पण चढण कमी कमी होत जाते. पट्टी तीच, हातोडी तीच. मग बदलणारं एकच उरतं, खालची बैठक. ती दिवसेंदिवस दबून घट्ट होतेय, म्हणून कंपनं वाढताहेत. जी मऊ असून रोज दबते, आणि जानेवारीत तुमच्या खोलीत नवी आली, अशी वस्तू कोणती, हे ओळखायला पीएच.डी. लागत नाही. मी वाट बघत होते की तुम्ही सांगाल.

खरं काय ते सगळं लिहा. लग्न मोडायचं की नाही ते मग बघू.

प्रमिला

---

धुळे,
९ मार्च

प्रमिला,

पत्र वाचून आधी पाण्याचा तांब्या भरून दारात ठेवला. आता तुमच्या घरचं कोणीही आलं तरी आधी पाणी, मग विज्ञान.

खरं असं झालं. गादी आली त्या आठवड्यात फोम, वाळू, भुसा सगळं करून मी थकलो होतो. एका संध्याकाळी पट्टी कुठेतरी ठेवायची म्हणून गादीवर टेकवली आणि सहज टिचकी मारली. स्क्रीनवर इतकी स्वच्छ लाट आली की मी उठून नाचलो. जवरीलालजी खालून ओरडले, "क्या हुआ साब?" आधी मी पूर्ण गादीवरच प्रयोग करत होतो, तिला धक्का न लावता. मग वक्र बैठक हवी म्हणून कुंड करून घेतलं, आणि गादी काही कुंडात मावेना. त्या वेळी तुमचं चादरीचं पत्र येऊन पोचलं होतं, हेही कबूल करतो. मी ते वाचलं, आणि तरी कात्री लावली. मनात म्हटलं, लग्नाआधी पुन्हा भरून घेऊ, कोणाला कळतंय. तुमच्यापासून लपवलं कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. हा मूर्खपणा नाही, लबाडी आहे.

आणि तुमचा आलेख! मी दीड महिना पट्टीला दोष देत बसलो. आमच्या समीकरणात खालच्या पायाचा कठीणपणा हा एकच ठोक आकडा असतो, तो सुरुवातीला एकदा घालायचा आणि विसरायचा. पुस्तकातला पाया कधी दबत नाही. मी आज कापूस पिंजून पुन्हा भरला, आणि आकडा बेचाळिसावर आला! मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो.

गादी मी दुप्पट कापूस घालून नवी करून देईन. आबांना काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा.

राजीनाम्याच्या कागदावर का रागावलात ते मला अजून समजलं नाही. मजकुरात काही चुकलं का? सांगाल तसा बदलून टाइप करून घेतो.

तुमचा,
रुपचंद

---

जळगाव,
१२ मार्च

अहो,

मजकुरात काही चुकलं नाही. शुद्धलेखनसुद्धा बरोबर आहे.

आई रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला येते आहे, काकांना सोबत घेऊन. मी पाठवलेलं नाही, मी अडवलंही नाही. तुमचे सर त्याच दिवशी येणार हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "यू दे."

प्रमिला

---

धुळे,
१६ मार्च

प्रमिला,

कालचा दिवस जसा झाला तसा सांगतो.

सर दहाला आले. खुर्चीवर बसून माझ्या वहीतले आकडे बघत होते, तेवढ्यात जिन्यात काकांचा खाकरा ऐकू आला. मी तांब्या घेऊन असा धावलो की अर्धं पाणी काकांच्या धोतरावर. आई आत आल्या, सरांना हात जोडले, आणि सरळ कुंडापाशी जाऊन जमिनीवर बसल्या. फाडलेल्या गादीचे टाके त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. मला वाटलं आता बरसतील. पण त्या म्हणाल्या, "कर बरं. काय करस ते दाखाड."

मी पट्टीला टकटक केली. त्यांचा हात धरून पट्टीच्या कडेला टेकवला. त्यांना ती थरथर कळली, कारण त्यांनी एकदम हात काढून घेतला आणि मग स्वतःहून पुन्हा ठेवला. मी सांगत सुटलो, वांगं, जपान, दबणारा पाया, तुमचा आलेख, सगळं. सरसुद्धा ऐकत होते. आलेखाचं ऐकून त्यांनी विचारलं, "ह्या बाई कोण?" मी म्हटलं, माझी होणारी बायको. ते म्हणाले, "मग दर वेळी आधी बैठकीचा कठीणपणा मोजा आणि तो आकडा बदलता ठेवून एक नवीन प्रकरण लिहा. दुसऱ्या कोणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही." म्हणजे पटलं! प्रबंध होणार!

मी हवेत होतो. काका हसले, सर हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "हाई गादी मनी आंडेरनी व्हती. तुम्हीन तिले इचारं का?"

मी म्हटलं, मी नवीन भरून देतो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, गादी लेकीची होती, लेकीला विचारलं का? मी म्हटलं, याच्यापेक्षा चांगली देतो. त्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. मग मी म्हटलं, नाही, विचारलं नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांच्या लग्नातही त्यांच्या आईने अशीच गादी दिली होती. सासरी पोचल्या त्या दिवशीच ती पाहुण्यांच्या खोलीत गेली, आणि त्या एक रात्रही तिच्यावर झोपल्या नाहीत. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला नव्हता. घरात गरज होती, नवी गादी होती, नेली. म्हणून तुमच्या वेळी त्यांनी पहिल्या वेचणीला हात लावू दिला नाही. एवढं बोलून त्या उठल्या आणि म्हणाल्या, गाडीची वेळ झाली.

त्यांना स्टँडवर सोडून परत येताना माझ्या डोक्यात तो प्रश्न घोळत होता, आणि जुन्या आग्रा रोडवर, भर चौकात, सायकल हातात धरून मी थांबलो. मागून रिक्षावाला शिव्या देत होता. प्रमिला, मला तो कागद कळला. तुम्ही दोन पत्रांत शाळेचं पुढे ढकलत होतात आणि मी समजत होतो तुम्हाला सवड नाही. साठ पोरांचं सांगितलंत, ऑर्डरचं सांगितलंत, हेडमास्तरांचं सांगितलंत. मी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला शाळा सोडायची आहे का. उलट तारीख मोकळी सोडून सहीला कागद पाठवला. मला फार लाज वाटली. मी पाया हा आकडा म्हणून घालून विसरलो होतो, तसंच...

नाही, उपमा देत नाही. सरळ विचारतो. तुम्हाला शाळा सोडायची आहे का? नसेल तर मी आमच्या आईला सांगतो, ती बोलेल, मी ऐकून घेईन. मग राहायचं कुठे? तुम्ही जळगावात आणि मी धुळ्यात, आठवड्याला भेटायचं. किंवा मधे पारोळ्याला नाहीतर एरंडोलला खोली घ्यायची आणि दोघांनी दोन दिशांच्या गाड्या पकडायच्या. किंवा मी जळगावात नोकरी शोधतो. चौथं काही असेल तर ते तुम्ही सांगा. आणि खरा प्रश्न त्याहून आधीचा आहे: तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं आहे का? मला करायचं आहे. फार करायचं आहे. पण या वेळी मी कागद टाइप करून पाठवत नाही.

रुपचंद

---

जळगाव,
२३ मार्च

अहो,

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत आलं. स्टाफरूममध्ये वाचलं आणि तास सुरू झाला तरी उठले नाही. सातवी 'ब'ने शेवटी माणूस पाठवला.

आई धुळ्याहून आली तेव्हा आबा वाट बघत होते. "काय, येडा शे का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, येडा नाही, घाई करतो. चुकलं ते तीनदा विचारल्यावर कबूल केलं, तुम्ही तीस वर्षांत एकदाही केलं नाहीत. आबा उठून गोठ्याकडे गेले. काका मात्र तुमच्या बाजूने फिरले आहेत. सरांनी त्यांना खुर्ची दिली म्हणे. आता ते गल्लीत सांगतात की पट्टीत अशी काही जादू आहे की हात लावला तर मुंग्या येतात.

पण निकाल लागत नव्हता. आबा मोडायचंही म्हणेनात, ठेवायचंही म्हणेनात. तुमच्या पत्राचं मी घरात बोलले नाही, नुसतं जवळ ठेवलं. काल संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले होते. काका म्हणाले ठेवा, मावशी म्हणाली मोडा, काकूने तिसरंच स्थळ काढलं. मी आत भाकरी थापत होते. आई उठली, माझ्या हातातलं पीठ तसंच राहू देऊन मला बाहेर आणलं आणि आबांसमोर उभं केलं. म्हणाली, "आते हिले इचारा."

आबा गडबडले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुनं काय म्हनं शे?"

साखरपुड्याच्या दिवशी मी मान खाली घातली तोच होकार धरला होता, तुम्हाला आठवत असेल. खरं सांगू? तेव्हा मी तुमच्या बुटांकडे बघत होते. एकाची नाडी सुटली होती आणि तुम्ही आता पडणार असं वाटत होतं. हो किंवा नाही असं माझ्या मनात त्या वेळी काहीच नव्हतं.

काल होतं. हाताला पीठ होतं, पण मान वर करून म्हटलं, "मला यांच्याशीच लग्न करायचंय. शाळा सोडायची नाही. एरंडोलला खोली घेणार." (तुम्हाला एसटीत अर्धा तास जास्त बसावं लागेल. बसा.)

मावशीचा हात तोंडावर गेला. आबांनी आता कुठे माझ्याकडे नीट बघितलं. रागावले नव्हते. मी त्यांना नवीनच कोणी वाटत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हाई आधी काबरं नही सांगं?"

मी म्हटलं, "आबा, आधी कोणी विचारलं नव्हतं."

प्रमिला